बंब बंद केल्यावर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की ग्लासगो शहरात नोव्हेंबर सुरू झालेला असून माझ्या उजव्या हाताला त्याची बातमी पोचली आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. घाबरण्याचं काम मी एकटीने अंगावर घेतलेलं आहे, आणि गेली दहा वर्षं ते मी मन लावून, वेळेवर आणि विनातक्रार करते आहे.

दुपारी चारला इथे दिवे लागतात. पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो, आणि छत्री ही वस्तू फक्त नवख्या माणसांकडे दिसते. बसमध्ये ओल्या लोकरीचा वास भरून राहतो, नुकत्याच भिजलेल्या कुत्र्यासारखा. खिडक्यांवर वाफ धरलेली असते. मी मांडीवर फिडलची पेटी घेऊन बसलेली असते आणि कुठल्यातरी स्टॉपवर, काही कारण नसताना, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक छोटा मासा हलल्यासारखं होतं. आला, मी मनात म्हणते. या, बसा.

मी फिडल वाजवते आणि शिकवते. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. समोरचे लोक गप्प बसून ऐकत असतील तर त्याला व्हायोलिन म्हणायचं, उठून नाचायला लागले की फिडल. लहानपणी सांगलीत मी व्हायोलिन मांडी घालून, डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवायचे. डोकं व्हायोलिनचं, माझं नव्हे. मग लग्न झालं, श्रीकांतच्या नोकरीने आम्हाला ग्लासगोला आणलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात एका मंगळवारी पावसापासून आडोसा म्हणून मी एका चर्चच्या हॉलमध्ये शिरले. आत वीसेक माणसं गोल करून फिडल वाजवत होती. मधोमध डंकन उभा होता. बसड्रायव्हर. पायाने असा ताल द्यायचा की जणू क्लच दाबतोय. मला बघून म्हणाला, "दार लाव, लास. पाऊस आत येतोय." लास म्हणजे पोरी. आज मी बावन्न वर्षांची आहे आणि अजून लासच आहे.

डंकनच्या वर्गात कागद चालत नाही. तो एक ओळ वाजवणार, आपण ती परत वाजवायची, मग पुढची. कोणी नोटेशन काढलं की तो शांतपणे म्हणायचा, "ते घरी नेऊन वाच, झोप छान लागते." मला वाटलं, अरे, हे तर आपलंच शिकवणं. फक्त इथे गुरू मधूनच बिस्किट खातो. मी दर मंगळवारी जायला लागले. चार वर्षांत नाचाच्या बँडमध्ये वाजवायला लागले, आठ वर्षांत डंकनच्याच वर्गात नवख्यांना शिकवायला. स्कॉटिश लग्नांत, शाळांच्या हॉलमध्ये, एकदा तर एका फेरीबोटीवर. साडी नेसून फिडल वाजवणारी बाई म्हणून माझी वर्णी लगेच लागायची. साडीवर मी हट्टाने पायात बूट घालते. स्टेजवर वायरी असतात.

आता जरा हळू बोलते, कारण खरी गोष्ट हीच आहे.

नाचाच्या धुनेत भीतीला बसायला जागा नसते. गज, म्हणजे व्हायोलिनचा बो, इतका भरभर फिरतो की हात थरथर कापला तरी कोणाला कळत नाही, ते जोशात खपतं. पण संथ धून म्हणजे तबल्याशिवायचा आलाप. एक लांब स्वर, पूर्ण गज, टोकापासून टोकापर्यंत. गज मधोमध आला की तो सर्वांत चंचल असतो, आणि नेमका तिथे तो मासा हलतो. गज तारेवर टुणटुण उडायला लागतो आणि स्वराची शेळी होते. में-में-में. दूरच्या डोंगरावरची, हरवलेली, थंडीने काकडलेली शेळी.

पहिल्यांदा हे झालं ते दहा वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, एका दगडी चर्चमध्ये. नवरी आत येत होती आणि मी संथ धून वाजवत होते. बोटं बर्फ झाली होती. तिसऱ्या ओळीत शेळी आली. मला वाटलं, संपलं, आता नवरी परत जाईल. ती गेली नाही. उलट नंतर तिची मावशी मला शोधत आली आणि हळुवारपणे म्हणाली, "ते मधेच थरथरतं जे वाजवलंत ना, ती भारतीय पद्धत का?"

मी हो म्हणाले.

त्या एका 'हो'ने माझं वाटोळं केलं. तेव्हाच "नाही हो, घाबरले" म्हणाले असते तर तिथल्या तिथे हसून विषय मिटला असता. पण एकदा लपवलं की जपावं लागतं. पुढची सहा वर्षं मी कुठेही संथ धून एकटीने वाजवली नाही आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. त्यासाठी मी जे कष्ट घेतले, तेवढे सरावात घेतले असते तर आज जगाला हेवा वाटला असता. कार्यक्रमात संथ धुनेची वेळ आली की मी अकॉर्डियनवाल्या इयनकडे वळून, डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, "ही तूच वाजव, तुझ्यासारखी कोणाला जमत नाही." इयन सहा वर्षं फुगत राहिला. नाहीतर मी गोष्ट सांगायचे. ही धून कोणी बांधली, त्याची गाय कशी हरवली, बायको काय म्हणाली. निम्म्या गोष्टी मी उभ्या उभ्या रचलेल्या. लोक पोट धरून हसायचे, आणि हसणं ओसरायच्या आत मी जलद धून सुरू करायचे. आजही लोक म्हणतात, मंजिरी काय बोलते. बोलणारच. भीतीने शिकवलेली वक्ता आहे मी.

पण वर्गात काय सांगायचं? वर्गात तर सगळ्यांचेच हात कापतात. मोठ्या वयात शिकायला आलेली माणसं, कोणी शिक्षिका, कोणी प्लंबर, आणि आमच्या आठवले काकू. काकूंनी इथल्या हॉस्पिटलांत तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं. रिटायर झाल्यावर फिडल घेतलं. "तीस वर्षं लोक माझ्यासमोर झोपले," त्या म्हणायच्या, "आता मी वाजवते तेव्हाही झोपतात. करिअर चेंज झालंच नाही."

एका मंगळवारी त्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "मंजू, खरं सांग. थिएटरमध्ये इमर्जन्सी आली तरी माझा हात हलायचा नाही. सर्जनचा हलायचा, माझा नाही. आणि इथे चार लोकांसमोर लांब नोट घेतली की ही अशी जेली होते. कशाने?"

तेव्हा मी एक वाक्य बोलले. अगदी सहज, गुरूच्या आवाजात.

"काकू, तुम्ही गज घट्ट धरता. सराव वाढवा. सराव असला की होत नाही ते. मला नाही होत कधी."

डॉक्टर माणूस. त्यांनी ते औषधाच्या चिठ्ठीसारखं घेतलं. रोज एक तास वाढवला. हात कापायचा तसाच कापत राहिला, फक्त आता त्यात लाज मिसळली. मला ती दिसत होती. मी बिस्किटांची ताटली पुढे केली आणि पावसाबद्दल बोलले.

चार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर हा असा आला. डंकनने चहा होता होता सांगितलं, "लास, माझं झालं. गुडघे थकले. वर्ग तुझा."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, एक सेकंद. मग रीत आठवली.

या वर्गाची एक रीत आहे. वर्ग हातात घेणाऱ्याने वर्षाच्या शेवटच्या मंगळवारी सगळ्यांसमोर एकट्याने संथ धून वाजवायची. तीच धून, जी डंकनने वर्ग घेताना वाजवली आणि त्याच्या आधीच्या बाईंनी वाजवली होती. साथ नाही, कागद नाही. आणि त्याआधी हॉलच्या मागचा चहाचा बंब बंद करायचा. वर्षभर तो मोठा बंब मागे हुंहुं करत असतो, पण त्या एका धुनेला बंद. ती संपली की बाकीचे तीच धून मागून उचलतात, आणि मग वर्ग नव्या माणसाचा झाला.

"इयन घेईल ना वर्ग," मी म्हणाले.

"इयनला अकॉर्डियनशिवाय काही येत नाही," डंकन म्हणाला. "आणि तेही येत नाही."

"बरं, मी नाचाची धून वाजवली तर? लोकांना आवडेल."

"नाच चहानंतर."

"मग बंब तरी चालू ठेवू. लोकांना थंडी वाजते."

डंकनने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. चाळीस वर्षं आरशात बघून बस चालवलेला माणूस. मागच्या सीटवर काय चाललंय ते त्याला कळत असणार. पण तो फक्त म्हणाला, "बंब बंद होतो, लास."

त्या सहा आठवड्यांचा हिशोब मनात अजून वासांनी लागतो. राळेचा वास, कारण मी गजाला वेड्यासारखी राळ घासायचे. इतकी, की काळ्या स्वेटरवर पांढरं पीठ सांडायचं आणि श्रीकांत म्हणायचा, "भाकरी थापत होतीस का?" हीटरवर वाळणाऱ्या मोज्यांचा वास. केळ्यांचा वास, कारण कुठेतरी वाचलं की केळं खाल्लं की हात स्थिर राहतो. मी रोज चार खायचे. हात स्थिर झाला नाही, बाकी बरंच काही झालं.

घाबरलेल्या अवस्थेचा सराव व्हावा म्हणून मी जिना पाच वेळा धावत चढायचे, उतरायचे, आणि छाती धडधडत असताना संथ धून वाजवायचे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा दारात थांबवून विचारलं, "तुम्ही घोडा घेतलाय का?" श्रीकांत पाण्याच्या पाइपलाइनचा इंजिनिअर. त्याने स्टॉपवॉच घेऊन अभ्यास केला आणि निदान सांगितलं, "प्रेशर सगळीकडे आहे. गळती कुठे होते ते बघितलं पाहिजे." मी म्हटलं, अंगठ्यात. तो म्हणाला, "मग सांगून टाक ना लोकांना." इतकं साधं. पाइपला सांगता येतं, गळतोस म्हणून. सहा वर्षं मी ज्यांना 'मला होत नाही' म्हणत आले, त्या वीस लोकांना काय तोंडाने सांगू? त्यांनी विचारलं असतं, मग आम्हाला काय शिकवत होतात?

खरी भीती हीच होती. शेळीची नव्हती. शेळी काय, चार ओळी ओरडते आणि जाते. पण एकदा ती त्या हॉलमध्ये ओरडली की माझं प्रत्येक वाक्य त्यांना नव्याने ऐकू येणार होतं. शिकवणारीवरचा विश्वास म्हणजे व्हायोलिनची खुंटी. एकदा सरकली की पुन्हा कितीही पिळा, सरकत राहते.

म्हणून शेवटच्या मंगळवारी मी माझ्या बुद्धीची कमाल केली. केमिस्टकडून क्रेप बँडेज आणलं, हॉलच्या टॉयलेटमध्ये उभी राहून उजव्या मनगटाला व्यवस्थित गुंडाळलं, आणि चेहऱ्यावर एक सोसलेलं दुःख आणलं. आरशात पाहिलं. उत्तम. पडले, बर्फ होता, काय करणार. इयनने वाजवावं.

दार उघडून बाहेर आले तर समोर आठवले काकू, हात धुवायला आलेल्या.

"हे काय?"

"पडले काकू. सकाळी. फूटपाथवर."

"बघू." तीस वर्षांची सवय. विचारलं नाही, हात हातात घेतलाच. "इथे दुखतं?"

"हो."

"इथे?"

"तिथेही."

"तिथे दुखायला हाडच नाहीये. मूठ वळ. फिरव. सूज नाही, काही नाही." त्यांनी बँडेज सोडलं, अगदी निगुतीने गोल गुंडाळी केली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "काही झालेलं नाही तुला. नर्व्हस झाली असशील. पण तुला ते होत नाही ना."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग नळ बंद करत त्या म्हणाल्या, "तुझं वाजवणं ऐकून मगच जाणार आहे. आज माझाही शेवटचा मंगळवार. डंकनला सांगितलंय, तुला सांगायचं राहिलं."

"का?"

"हात कापतो ग. वर्षभर तू सांगितलंस तसं सगळं केलं. एकाहत्तर वर्षं झाली मला, आता आणखी किती सराव करू? काहींना नसतं ते अंगात. मेडिकलमध्येही आम्ही असं पाहायचो, एखाद्याचा हातच नसतो. त्याला लवकर सांगितलेलं बरं."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. इतकं छोटं होतं. काकू, माझाही कापतो. चार शब्दही नाहीत. आणि मी, जी गाईबद्दल वीस मिनिटं बोलू शकते, ती गप्प उभी राहिले. बाहेरून डंकनने हाक मारली. काकू पुढे गेल्या, त्यांच्या मागून मी.

हॉलमध्ये जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा आहेत. मी कुठल्याशा रेघेवर उभी राहिले. खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाच्या मांडीवर फिडल. ओले कोट हीटरवर. काकू समोरच दुसऱ्या खुर्चीवर, पर्स पायाशी. डंकन चालत मागे गेला आणि त्याने बंबाचं बटण दाबलं.

तो आवाज आहे हे कधी जाणवत नाही, तो जाईपर्यंत. मग अचानक हीटरची टकटक ऐकू येते. कोणाच्या तरी नाकाची शिटी ऐकू येते. स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं. सांगलीला आमचे मास्तर म्हणायचे, पहिला सा लागेपर्यंत जग वाट बघतं. जगाला घाई नसते हो, तीच तर पंचाईत.

पहिली ओळ नीट गेली. दुसरीही. मला वाटलं, बहुतेक सुटलो आपण. तिसऱ्या ओळीत तो लांब स्वर आहे, वर चढून थांबणारा. गज निघाला, मधोमध आला, आणि मासा हलला. आधी थोडा. मग जो काही उसळला! गज तारेवर नाचायला लागला, माझा कोपर थंड पडला, आणि त्या संपूर्ण शांत हॉलमध्ये वीस माणसांच्या मधोमध माझी शेळी मोकळ्या आवाजात ओरडली. डंकन स्वतःच्या बुटांकडे बघत होता. इयनचं तोंड उघडं होतं. मी थांबायला हवं होतं, पण थांबायचं कसं तेही सुचेना. कापऱ्या हाताने मी चौथ्या ओळीत शिरले, तिथेही तेच. आता सगळं बाहेर पडलं होतं. चर्च, मावशी, इयन, गाय, केळी, बँडेज.

आणि तेव्हा आठवले काकू बोलल्या.

काकूंना हळू बोलता येत नाही. भूल उतरणाऱ्या माणसाला हाका मारून मारून त्यांचा आवाज तसाच झालाय. त्या मराठीत बोलल्या, स्वतःशीच, पण हॉलच्या चारी भिंतींना ऐकू गेलं. सगळ्यांनी माना वळवल्या. कोणाला अक्षर कळलं नाही, माझ्याशिवाय. मला हसू फुटलं. हसताना गज आणखी उडतो हे त्या दिवशी मला प्रथम कळलं. उरलेली धून मी हसत, कापत, डोळ्यांतून पाणी येत अशी वाजवली, आणि शेवटच्या स्वराला मागून आवाज आले. एक, मग तीन, मग सगळे. त्यातले निम्मे कापत होते. हे मी आधी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

डंकनने बंब पुन्हा चालू केला, कपात चहा ओतला आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "त्या डॉक्टरबाई काय म्हणाल्या?"

"फार हृदयस्पर्शी होतं म्हणाल्या."

त्याने चहा फुंकला. "हृदयस्पर्शी म्हणताना त्या स्वतःच्या मांडीवर थाप मारतात का?"

मी म्हटलं, आमच्याकडे तशी पद्धत आहे. जित्याची खोड.

तो वर्ग आता माझ्याकडे आहे. परवाच्या मंगळवारी नोव्हेंबरची पहिली संथ धून घेतली. बसमध्येच मासा हलला होता, वर्गातही हलला. नव्या आलेल्या एका शाळामास्तरांनी घाबरत विचारलं, तुमचा हात कापतो का? मी हो म्हणाले. तो 'हो' अजूनही ढकलून बाहेर काढावा लागतो, दर वेळी. आणि दर नोव्हेंबरला वाटतं, या वर्षी कोणीतरी उठून म्हणेल, मग तुम्ही शिकवता कशाला? अजून कोणी म्हणालेलं नाही. दुसऱ्या खुर्चीवर पंचाहत्तर वर्षांच्या आठवले काकू गजाला राळ घासत होत्या. ते बँडेज अजून त्यांच्याच पर्समध्ये आहे, मागितलं तर देत नाहीत.

डंकनला मात्र अजून खरं भाषांतर दिलेलं नाही. तो हे वाचू शकत नाही, तरी नोंद असावी म्हणून मूळ शब्द देते. बंब बंद होता, चौथी ओळ चालू होती, माझी शेळी ओरडत होती, आणि काकू मांडीवर थाप मारून म्हणाल्या:

"अगं बाई, हिचाही कापतो की! आणि मी येडी सोडून चालले होते."